२७ फुटी जुनी वेगा उत्तर समुद्रात न्यावी का? तपासणीच्या आणि दुरुस्तीच्या नोंदी (काही ठिकाणी नंतरची भर)

८ ऑक्टोबर, गोथेनबर्ग

बोट घेतली. २८,००० स्वीडिश क्रोनर. अल्बिन वेगा, सत्तरच्या दशकातली. लांबी ८.२५ मीटर, रुंदी २.४६ मीटर. कागदावर वजन २३०० किलो, त्यातलं ९१५ किलो कीलमध्ये (तळाच्या जड भागात). आराखडा पेर ब्रोहॉल यांचा, साठच्या दशकातला. १९७९ पर्यंत अशा जवळपास साडेतीन हजार बोटी बनल्या, म्हणून इथल्या कुठल्याही धक्क्यावर एखादी असतेच. सुटे भाग मिळतात आणि सल्ले तर न मागता मिळतात.

निम्मी मालकी माझी, निम्मी दादाची (मावसभाऊ). त्याला येत्या उन्हाळ्यात नॉर्वेतल्या बर्गेनहून शेटलंडमधल्या लरविकला जायचंय. सुमारे १९० सागरी मैल, मध्ये आडोसा नाही. तो म्हणतो, मॅट रदरफोर्ड हा अमेरिकन खलाशी २०११-१२ मध्ये अशाच वेगातून एकटा, कुठेही न थांबता, दोन्ही अमेरिका खंडांना वळसा घालून आला, मग आपण तपासायचं काय? मी म्हटलं, ती त्याची बोट होती. आपलीला पन्नास वर्षं झाली, मधल्या मालकांनी कुठे कुठे भोकं पाडलीत ते आपल्याला माहीत नाही.

१४ ऑक्टोबर

पावसामुळे आत बसून आकडेमोड. १९७९ च्या फास्टनेट शर्यतीत ३०३ बोटी निघाल्या होत्या, वादळात १५ स्पर्धक गेले. त्यानंतर बोट उलटण्याच्या शक्यतेचं एक सोपं सूत्र रूढ झालं: फुटातली रुंदी भागिले, पौंडातल्या वजनाला ६४ ने भागून येणाऱ्या संख्येचं घनमूळ. उत्तर २ पेक्षा कमी असेल तर बरं. आमचं १.८८ आलं. दादा खूश.

या सूत्रात वजन कुठे आहे याचा पत्ताच नाही. कीलमधलं लोखंड डोलकाठीच्या टोकाला नेऊन बांधलं तरी उत्तर १.८८ च येणार. युरोपच्या आजच्या वर्गवारीत तर ‘अ’ (खुल्या महासागराच्या) वर्गासाठी किमान ३००० किलो वजन लागतं. ही बोट त्या वर्गवारीच्या कितीतरी आधीची, पण आज बनली असती तरी नुसत्या वजनावर ‘अ’ मधून बाद. पास-नापास ठरवायला दोन्ही निरुपयोगी.

२१ ऑक्टोबर

बोट हिवाळ्यासाठी बाहेर काढण्याआधी पाण्यातच दोन चाचण्या करून घेतल्या.

पहिली, कलवून बघण्याची. २० लिटरचे पाण्याचे आठ कॅन म्हणजे १६० किलो. ते मधोमध ठेवले, केबिनमध्ये दीड मीटरचा ओळंबा टांगला, मग सगळे कॅन एक मीटर बाजूला, डेकच्या काठावर सरकवले आणि ओळंबा किती हलला ते मोजलं. सकाळ सगळी वाया गेली. धक्क्याचे दोर ताठ होते, बोट कलायच्या ऐवजी दोरांवर रेलत होती. दोर सैल केले तर वारा. वारा पडला तर शेजारून मोटरबोट गेली. शेवटी संध्याकाळी, ओळंब्याचं वजन पाण्याच्या बादलीत बुडवल्यावर झोके थांबले आणि ९८ मिलिमीटर असं स्थिर माप मिळालं.

दुसरी, कॉकपिट (मागची उघडी बसायची जागा) भरण्याची. क्लबच्या नळाला पाइप लावून सीटच्या पातळीपर्यंत पाणी भरलं, सुमारे ४५० लिटर. मग तळाच्या दोन छिद्रांवरची बुचं काढली. सगळं पाणी जायला साडेअकरा मिनिटं लागली. ऑफशोर शर्यतींच्या नियमांत साडेआठ मीटरखालच्या बोटीला २५ मिलिमीटरची दोन छिद्रं पुरतात आणि आमची बरोबर तेवढीच आहेत. नियमात बसणं वेगळं, साडेअकरा मिनिटं मागच्या टोकावर ४५० किलो घेऊन पुढच्या लाटेची वाट बघणं वेगळं. शिवाय मागची बाजू इतकी दबली की कॉकपिटचा तळ बाहेरच्या पाण्याच्या जेमतेम वर राहिला, म्हणून निचरा आणखी मंदावला. ही चाचणी जमिनीवर केली असती तर हे कळलंच नसतं, आणि सांगाड्यावर फुकटचा भार आला असता.

२८ ऑक्टोबर

क्रेनवर वजनकाटा होता: २५४० किलो. कागदापेक्षा २४० जास्त. त्यात बोट पाण्यात असतानाच लॉकरमध्ये सापडलेला एक गंजका जादा नांगर, रंगाचे जुने डबे आणि स्वीडिश भाषेतली मासिकं.

या वजनाने सूत्र पुन्हा मांडलं तर १.८२. म्हणजे अडगळ भरल्यावर बोट जास्त ‘सुरक्षित’ झाली! यानंतर त्या सूत्राचं नाव काढलं नाही.

कलण्याच्या चाचणीत मात्र खरं वजन उपयोगी पडलं. कॅन आणि आत बसलेली मी धरून २७६० किलो, त्यावरून मेटासेंट्रिक उंची (कलायला बोट किती विरोध करते त्याचं माप) सुमारे ०.८९ मीटर. या आकाराच्या बोटीला चांगली. ती सांगते ते एवढंच, की सुरुवातीच्या काही अंशांत बोट ताठ आहे. नव्वद अंशांच्या पलीकडे ती परत उठेल का हे त्यातून निघत नाही. त्यासाठी हलचा (बोटीच्या कवचाचा) पूर्ण आकार आणि गुरुत्वमध्य दोन्ही लागतात. मी दोन रविवार संगणकावर घालवले आणि सोडून दिलं. अरुंद हल, चाळीस टक्क्यांच्या आसपास बॅलास्ट (कीलमधलं वजन), लहान कॉकपिट: एवढ्यावर भागवायचं ठरवलं आणि ‘उलटली तर आत किती पाणी येईल’ या प्रश्नाकडे वळले. त्याचं उत्तर स्क्रूड्रायव्हरने शोधता येतं.

९ डिसेंबर

ओलावा मोजायचं यंत्र क्लबमधून मागून आणलं. बाहेर उणे सहा. हलवर सगळीकडे ‘कोरडं’ दाखवत होतं, अगदी जिथे रंगाला फोड आलेत तिथेही. शेजारच्या बोटीवरचे आजोबा हसले. गोठलेलं पाणी या यंत्राला दिसत नाही, एप्रिलमध्ये या म्हणाले. तोवर प्लास्टिकच्या मूठवाल्या छोट्या हातोडीने डेक ठोकून बघितला. बहुतेक ठिकाणी टणक आवाज. डावीकडच्या एका स्टँशनच्या (कठड्याच्या खांबाच्या) पायाशी भद्द आवाज, हाताच्या पंज्याएवढा भाग. स्क्रूची भोकं नुसती सिलिकॉनने बुजवली होती, पाणी आतल्या भरावात मुरलेलं. तो भाग कापून, वाळवून, इपॉक्सीने भरायला जानेवारी गेला, कारण तंबूत हीटर लावूनही दहा अंशांच्या वर तापमान टिकेना आणि इपॉक्सी धरेना. साहित्य १,१०० क्रोनर, हीटरची वीज त्याहून जास्त.

२० जानेवारी

डोलकाठी छपराखाली आडवी ठेवली आहे, म्हणून तिला धरून ठेवणाऱ्या तारा निवांत बघता आल्या. ५ मिलिमीटरची स्टीलची तार, लांबून चकचकीत. टोकाच्या दाबून बसवलेल्या नळीशी कागदी रुमाल फिरवला तर उजव्या खालच्या तारेवर धागे अडकले. एक पदर तुटलेला. विमा कंपनी, जुना मालक, कोणालाच तारांचं वय सांगता आलं नाही. सगळ्या बदलल्या, १४,५०० क्रोनर. दादाचा आग्रह होता की ६ मिलिमीटरची घेऊ. नाही घेतली. वर चढवलेला प्रत्येक किलो बोट परत उठताना आपल्याच विरुद्ध काम करतो.

तारा ज्या पट्ट्यांना बांधतात त्या चेनप्लेट काढून बघितल्या. डेकच्या वर आणि खाली छान, डेकच्या जाडीत मात्र, जिथे सीलंटखाली ओल राहते आणि हवा पोचत नाही, दोन पट्ट्यांवर तपकिरी खड्डे. पट्टी काढल्याशिवाय हे दिसत नाही. नव्या तारा जुन्या चेनप्लेटवर चढवणारे बरेच आहेत, त्यांनी एक तरी काढून बघावी.

११ फेब्रुवारी

उलटी बोट. दादा केबिनच्या फरशीवर आडवा पडला आणि छताकडे बघत म्हणाला, ‘आता हे खाली आहे असं समज.’ मग काय काय अंगावर येईल ते लिहून काढलं. दोन बॅटऱ्या, प्रत्येकी तेवीस किलो, लाकडी खोक्यात नुसत्या ठेवलेल्या. स्टोव्ह आडीवरून उचलला की सुटतो. फरशीच्या फळ्या, त्यांच्याखाली डबाबंद अन्न. नांगर. हत्यारांची पेटी, जी मी स्वतः शिडीखाली ठेवली होती.

बॅटऱ्यांना पट्टे आणि हलला लॅमिनेट केलेल्या कड्या. फळ्यांना फिरत्या खिट्ट्या. कॉकपिटच्या लॉकरची झाकणं नुसत्या वजनावर बंद होत होती आणि ते लॉकर थेट तळाशी उघडतात. प्रत्येकाला दोन दाबून बसणाऱ्या कड्या आणि रबर. केबिनच्या दाराच्या तीन फळ्या खाचेत वरून सरकवतात, म्हणजे बोट उलटली की त्या खाली समुद्रात. फास्टनेटमध्ये याच फळ्या निघून गेल्याने बोटी भरल्या, आणि सोडून दिलेल्या २४ बोटींपैकी १९ मात्र नंतर सापडल्या, तरंगताना. आता आमच्या फळ्यांना आतून आणि बाहेरून दोन्हीकडून सरकवता येणारी कडी आहे आणि दोरी बांधलेली आहे. सगळा खर्च २,००० क्रोनरच्या आत. अख्ख्या प्रकल्पात एवढ्या पैशात एवढा फरक दुसऱ्या कशाने पडला नाही.

केबिनच्या मोठ्या काचांसाठी ६ मिलिमीटर पॉलिकार्बोनेटच्या झडपा कापल्या. पहिली जोडी वाया गेली, कारण केबिनची भिंत वक्र आहे आणि माप सपाट पुठ्ठ्यावर घेतलं होतं.

१० मार्च

हलमधले व्हॉल्व. चारपैकी दोन पितळी निघाले. खरवडल्यावर धातू पिवळा हवा, तो गुलाबी दिसला आणि चाकूच्या टोकाने भुगा झाला. खाऱ्या पाण्याने पितळातलं जस्त खाऊन टाकलं की तांब्याचा भुसभुशीत सांगाडा उरतो. चारही बदलले आणि त्याच वेळी कॉकपिटचे निचरे २५ वरून ३८ मिलिमीटर केले. ४,८०० क्रोनर.

भोक मोठं केलं म्हणजे धोकाही मोठा केला, म्हणून हिशोब: पाण्याखाली अर्ध्या मीटरवर ३८ मिलिमीटरचा पाइप निसटला तर मिनिटाला सुमारे १२५ लिटर आत येतं. हातपंपाच्या खोक्यावर मिनिटाला ५० लिटर लिहिलंय. बादल्या मोजून मारला तेव्हा पहिल्या मिनिटाला ३८ आणि पाचव्या मिनिटाला दादाचा दंड भरून आल्यावर २५. पंपावर भरवसा ठेवून भागणार नाही. प्रत्येक व्हॉल्वला लाकडी खुंटा दोरीने बांधला, पाइपला दोन-दोन क्लिप. आणि प्रत्येक व्हॉल्वपर्यंत हात पोचायला वाटेत सामान ठेवायचं नाही. शेवटचंच सगळ्यात जड जातंय.

२० एप्रिल

एप्रिलच्या मापात हलचा ओलावा मध्यम, फोड वरवरचे. खरवडून रंग दिला.

बोट पाण्यात. डोलकाठी उभी केली, तारा ताणल्या आणि शौचालयाचं दार बंद होईना. हिवाळाभर ते लोण्यासारखं फिरत होतं, कारण डोलकाठी खाली होती! ती डेकवर उभी राहते आणि खालचं सगळं ओझं केबिनच्या आडव्या तुळईवर येतं. छतावर दोरी ताणून बघितलं तर मधोमध सहा मिलिमीटर खाली. जुन्या वेगा तपासताना हे बघाच असं सगळे सांगतात. आम्ही बघितलंही होतं, फक्त नोव्हेंबरमध्ये. जुनी बोट घेताना डोलकाठी उभी असताना, तारा ताणलेल्या असताना दारं उघडून बघा.

पुन्हा क्रेन, पुन्हा डोलकाठी खाली, ९०० क्रोनर. गाडीच्या जॅकने छत हळूहळू उचललं, दोन दिवसांत पाच मिलिमीटर. ओकची लॅमिनेट केलेली तुळई आणि तिच्या दोन्ही बाजूंना स्टीलच्या पट्ट्या. २,३०० क्रोनर आणि जवळजवळ सगळा मे महिना. दार आता फिरतं.

२५ मे

कॉकपिट पुन्हा भरलं. पाच मिनिटांच्या आत रिकामं.

घरून फोन. आई म्हणाली, ‘दिलीप दोंदे सगळी पृथ्वी फिरून आले, तुमचं अजून दुरुस्तीच चाललंय?’ तिला सांगितलं की त्यांची गोव्यात बांधलेली म्हादेई ५६ फूट होती. अभिलाष टॉमी २०२२-२३ च्या गोल्डन ग्लोबमध्ये (एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणेची शर्यत) दुसरे आले, त्या शर्यतीत किमान ३२ फूट आणि ६२०० किलोची बोट लागते. आमची अडीच टन. ती म्हणाली, ‘मग मोठी का नाही घेतलीस?’ खरंय.

१५ जून

स्कागेनला जाऊन आलो. विंगा दीपगृहापासून जवळजवळ सरळ पश्चिमेला ३२ मैल, वाटेत मालवाहू जहाजांचा रस्ता. मुद्दाम नैऋत्येचा ५ ते ६ बलाचा वारा निवडला, म्हणजे बोटीला कष्ट पडतील पण दोन्हीकडे बंदर हाताशी.

बोट चांगली. पंचवीस अंशांवर कलून बसते आणि पुढे जात राहते. डेक ओला, अगदी सतत. पुढचं मोठं शीड अर्धं गुंडाळलं की त्याचं पोट फुगतं आणि वाऱ्याकडे चढणं संपतं. थांबून बघायचा प्रयत्न केला, म्हणजे शीड उलट धरून, सुकाणू बांधून बोट लाटांत जागच्या जागी ठेवायची. त्या अर्ध्या गुंडाळलेल्या शिडाने नाक सारखं वाऱ्यापासून दूर वळत होतं. परतीला छोटं जिब (पुढचं शीड) आणि मेन (मुख्य शीड) दोन घड्या कमी करून तोच प्रयोग केला तर बोट लाटेला खांदा देऊन शांत उभी राहिली, ताशी दीड मैल सरकत. दादाने तेवढ्यात चहा केला. आता आतल्या बाजूला एक वेगळी तार आणि वापरलेलं वादळी जिब, ३,२०० क्रोनर.

वाईट गोष्ट उजव्या बंकवर (झोपायच्या बाकावर) कळली. गादी ओली. हल आणि डेक जिथे जुळतात तिथून. मेमध्ये पाइपने पाणी मारून हा जोड तपासला होता, थेंबही आला नव्हता. धक्क्यावर बोट पिळवटत नाही. समुद्रात तारांच्या ताणाने जोड उघडतो. दुसऱ्या फेरीला जोडाच्या आतून टिश्यूच्या पट्ट्या चिकटवून निघालो आणि ओल्या झालेल्या पट्ट्यांसमोरचे बोल्ट काढून ब्यूटाइलवर (चिकट रबरी सीलंटवर) पुन्हा बसवले.

आणि सुकाणू हातात धरून दोघांनी रात्रभर बोट चालवणं अशक्य आहे. मला उलट्या होत होत्या, दादा सहा तास एकटा. वाऱ्यावर चालणारं स्वयंचलित सुकाणू वापरलेलं घेतलं, १२,००० क्रोनर. ते मागच्या टोकावर लटकतं, त्यासाठी जुना जादा नांगर आणि मासिकं अखेर बोटीवरून उतरली.

२ जुलै

सामानाचं वजन. शेटलंडसाठी पाणी ६० लिटर, अन्न, डिझेल, भाड्याचा लाइफराफ्ट: सगळं मिळून २३० किलो. ही बोट साधारण ११० किलोला एक सेंटिमीटर बुडते, म्हणजे दोन सेंटिमीटर. चालेल. दादाला पुढे ॲझोर्सला (अटलांटिकमधली बेटं) जायचंय, त्या यादीचं वजन केलं तर ६०० च्या वर, पाच-सहा सेंटिमीटर. कॉकपिटच्या निचऱ्याचा उतारच संपतो. शेटलंडला हो, ॲझोर्सला या बोटीतून नाही. तो दोन दिवस बोलला नाही.

भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी: स्वीडनचा निवासी परवाना ब्रिटनला चालत नाही, होडीतून गेलात तरी व्हिसा लागतो आणि पोचण्याआधी बोटीची माहिती कळवावी लागते. माझा व्हिसा बोटीच्या आधी तयार होता, हे एकच काम वेळेत झालं.

२१ जुलै, लरविक

बर्गेनला पश्चिमेचा वारा बसला होता, तो पडेपर्यंत बंदरातच थांबलो. मग ईशान्येचा ४, नंतर ५. बेचाळीस तास. स्वयंचलित सुकाणूने बहुतेक वाट काढली, मागून येणाऱ्या लाटेवर मात्र ते उशिरा वळतं, तेव्हा हात लावावा लागला. एकदा मागून पाणी कॉकपिटमध्ये आलं, घोट्यापर्यंत, आणि मोजायच्या आत गेलं. उजवा बंक कोरडा. तुळई जागची हललेली नाही, दार फिरतं.

पुढच्या हॅचचं (डेकवरच्या झाकणाचं) रबर गळतंय. आतून सगळं बघितलं आणि हेच राहिलं. पुढच्या बंकवरच्या दोन्ही स्लीपिंग बॅग भिजल्या. त्या मापाचं रबर इथे मिळालं नाही, म्हणून परतीसाठी हॅच बाहेरून ब्यूटाइलच्या टेपने बंद केलंय. पुढून बाहेर पडायचा रस्ता त्यामुळे बंद झाला. स्टोव्ह केबिनच्या दाराजवळ आहे, आग लागली तर उरलेला रस्ताही बंद, तेव्हा परतीत समुद्रावर असताना स्टोव्ह पेटवायचा नाही. थर्मास दोन भरून घेतले.